देवाला चिकटलेली पट्टी

डोळखांबच्या वरचा पाडा
४ डिसेंबर २०२५

दर्शनाताई,

तुला नमस्कार, नि आत्याला त्याच्याहून मोठा नमस्कार. तुझा डबा भावेशने जीपमधून आणून दिला. त्याने इचारलं, "काय हाय गो यात, मिठाई?" मी कायच बोल्ले नाय. मग त्यानेच ठरवलं का मिठाई हाय, झाकण उघडून वास घेतला नि बोल्ला, "खराब झालीय."

तू सांगितलंस तसंच केलं. डब्यातली एक पट्टी कोपराला, एक मनगटाला. बारीक डबी चिमट्यानं अडकवली. पट्टी काचेसारखी आरपार हाय नि हात लावला का गार लागते, ताडगोळ्यागत. भात झोडताना कोपर वाकलं का पट्टी ताणते नि फोनवरची रेघ वर जाते. कोपर सरळ केलं का रेघ खाली. आय बघून बोल्ली, "येवढं तर मी फोनशिवाय पण सांगेन, कोपर वाकलं का नाय." पण तिला मनगटातला ठोका दिसला तेव्हा तिने आपलं पण मनगट पुढं केलं.

तू दिलेला जुना फोन मी गावदेवाच्या टेकडीवर नेऊन ठेवते. रेंज तिथंच येते, तिथनंच रेघ तुझ्याकडं जाते. मेसेज मात्र करू नको. मनोज कायम तिथं बसलेला असतो नि आलेला मेसेज मोठ्यानं वाचतो. मागं तू "कशी आहेस" लिवलंस तर आर्ध्या पाड्याने त्याला उत्तर सांगितलं. भाऊ हाय का दवंडीवाला कळत नाय. म्हणून चिठ्ठीच बरी.

आता खरं कामाचं. तू लिवलंस ना, संक्रांतीनंतर तुझ्या सरांना लॅबमध्ये कायमचं एक माणूस पाहिजे. पट्ट्या लावून बसायचं, हात वरखाली करायचा, मान वळवायची नि बोलायचं नाय, कारण बोललं का रेघ बिघडते. ताई, मला वाटलं तू चेष्टा करतेस. असं काम जगात हाय? नववीत मला भाषणाला उभं केलं नि मी शाळाच सोडली, तेव्हा आय बोल्ली होती, "न बोलता कुठं पोट भरतं गो?" मुरबाडला भरतं म्हणजे.

मला यायचं हाय. लय यायचं हाय. पण हे फक्त तुला लिवलंय, घरात तोंड उघडलं नाय. तूच बाला फोन करून इचार.

रंजिता


मुरबाड
८ डिसेंबर

रंजे,

तुझी रेघ बघून आमचे सर खूश झाले. म्हणाले, ही मुलगी भात झोडते का तबला वाजवते, इतकी सारखी लय आहे. मी म्हटलं, सर, ती बोलत नाय ना, सगळं हातातून जातं.

मिठाईचं भावेशला सांग, त्यात नव्वद टक्के पाणीच आहे. पाण्याला धरून ठेवायला एक चिकट जाळं, वीज जायला मीठ, आणि चिकटायला आपल्या रानातल्या हिरड्याचा तुरटपणा. ग्लिसरीन घातलंय म्हणून लवकर सुकत नाय. दोन वर्षं मी हेच ढवळत बसलेय. आई म्हणते, एवढं ढवळून निदान खरवस तरी झाला असता.

मामाला फोन केला. तुझी जागा सरांनी जवळजवळ पक्की केली आहे हे सांगितलं. मामा म्हणाला, "पोर माझी, पण प्रश्न देवाचा. कौल लावतो नि सांगतो." मी म्हटलं, मामा, आधी रंजीला तर विचार. मामा म्हणाला, "तिला इचारून काय, ती कुठं उत्तर देते?"

तर आता देव हो म्हणेल अशी आशा धर. संक्रांतीच्या आत उत्तर पाहिजे. सर नंतर थांबणार नायत.

तुझी दर्शनाताई


पाडा
१२ डिसेंबर

ताई,

कौल लागला. म्हणजे लावलाय. कसं सांगू.

तुला कौल म्हायती हाय, पण तू आता मुरबाडची झालीस म्हणून परत सांगते. देवाच्या दगडाला उजव्या अंगाला एक नि डाव्या अंगाला एक पाकळी पाण्यानं चिकटवायची नि प्रश्न टाकायचा. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाय. आपल्या आपण पडेपर्यंत कोणी हात लावायचा नाय. नि एक प्रश्न सुटल्याबिगर दुसरा टाकायचा नाय.

पण औंदा देवाच्या अंगावर तेलशेंदूर इतका चढलाय का पाकळी टिकतच नाय. धोंडीबाईने दिवाळीनंतर प्रश्न टाकला तर "देवा, माझी सून" इतकंच बोल्ली नि दोन्ही पाकळ्या खाली. मनोज बोल्ला, "देवाला पुढचं ऐकायचंच नाय." धोंडीबाई त्याच्याशी अजून बोलत नाय.

म्हणून काळूराम भगत आधीच वैतागलेला. तो पाकळ्या घेऊन उभा होता नि त्याची नजर माझ्या कोपरावर गेली.

"हे काय गो चिकटलंय?"

मी खाली बघितलं.

"पडत नाय?"

मी मान हलवली.

"झोडणीत पण नाय?"

मी परत मान हलवली.

"मग दे दोन. प्रश्न पुरता होईस्तवर तरी टिकल."

ताई, मला नाय बोलायचं होतं. ते घशापर्यंत आलं पण होतं. पण माझं नाय बाहेर येईस्तवर लोकांची वरात निघून जाते. त्याने माझ्या पिशवीतला डबा उघडून दोन पट्ट्या काढल्या पण. राखेनं दगड घासला, फडक्यानं पुसला, एक उजवीकडं दाबली, एक डावीकडं. उजवीला डबी अडकवलेलीच होती, मनगटाची पट्टी बदलायची म्हणून मीच लावून ठेवलेली. बा बोल्ला, "ती काढ." भगत बोल्ला, "असूदे. देवाला तेवढाच दागिना."

मग बाने प्रश्न टाकला. "देवा, रंजिताला मुरबाडला धाडू का?"

सगळे हात जोडून उभे. मग बसले. मग आयने भाकऱ्या आणल्या. मग लोक घरी गेले.

ते परवा. अजून पडली नाय. कुठलीच.

रंजिता


मुरबाड
१३ डिसेंबर

रंजे,

तू हे वाचत असशील तर तू जिवंत आहेस, आणि तसं असेल तर पहिलं सांग, तुझ्या अंगाला झालंय काय?

तीन दिवस झाले, तुझा ठोका नाय. एकही नाय. कोपर हललेलं नाय. पहाटे तू इतकी गार असतेस की मी आकडा दोनदा वाचला. दुपारी जरा गरम होतेस, संध्याकाळी परत गार. सरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "हे पालीसारखं आहे." मी म्हटलं, सर, माझी मामेबहीण आहे. सर म्हणाले, "मग हे वाईट आहे."

मामाला फोन लावला, बंद. मनोजला लावला तर तो म्हणाला, "आता बोलायला टाइम नाय, इथं सगळे वाट बघत बसलेत," आणि ठेवला. मी रडायला लागले. कशाची वाट बघत बसलेत, मला वाटलं तिरडी कधी उचलणार त्याची.

सरांच्या ओळखीच्या एकाची अँब्युलन्स आहे, ती पाठवतेय. चिठ्ठी ड्रायव्हरकडे दिली आहे. जिवंत असशील तर त्याच्याकडेच उत्तर दे. नसशील तर मनोजने द्यावं.

दर्शना


पाडा
१३ डिसेंबर, गाडी उभी हाय

ताई,

मी जिवंत हाय. ती मी नाय, तो देव हाय.

माझी कालची चिठ्ठी अजून भावेशच्याच खिशात असेल, ती मिळाली का कळेल. थोडक्यात, डबी देवाला लागलीय नि फोन तिथंच असतो, म्हणून देवाचं सगळं माझ्या नावावर जातंय.

गाडी आवाज करत टेकडीच्या पायथ्याला आली तेव्हा मी गोठ्यात होते. दोघं माणसं स्ट्रेचर घेऊन पळत वर आली. "पेशंट कुठाय?"

बा बोल्ला, "कोणता पेशंट?"

"ज्याचे ठोके बंद हायेत तो. पट्टी लावलेला."

सगळ्यांनी देवाकडं बोट दाखवलं.

एकाने खरंच नाडी बघायला हात पुढं केला तर भगत आरडला, "हात लावू नको, प्रश्न चालू हाय!" तो इतका घाबरला का स्ट्रेचरवर बसला. मग ड्रायव्हरने चपला काढल्या, नमस्कार केला, जरा वेळ उभा राहिला नि भगताच्या कानाशी जाऊन बोल्ला, "आलोच हाय तर इचारतो. ही गाडी विकू का ठेवू?"

"लायनीत बस," भगत बोल्ला. "तुझ्याआधी पाच हायेत."

तो अजून बसलाय. म्हणून मला इतकं लिवायला मिळालं.

रंजिता


मुरबाड
१८ डिसेंबर

रंजे,

तुझ्या दोन्ही चिठ्ठ्या मिळाल्या. आधी मी हसले, मग रडले, मग परत हसले. आई म्हणाली, हिला पण पट्टी लावा.

पण ऐक. सरांना खरं सांगितलं तर ते रागावतील असं मला वाटलं होतं. उलट ते खुर्चीतून उठले. शेंदूर, तेल, राख, खडबडीत दगड, पहाटेचं दव, दुपारचं ऊन, आणि पट्टी जागची हललेली नाय! आमच्याकडे कोंबडीच्या कातडीवर लावली तर दोन दिवसांत सोलून येते. सर म्हणाले, "दर्शना, हे तुझं काम आहे." रंजे, दोन वर्षांत सर मला पहिल्यांदा नावाने बोलले. नायतर मी आपली "ती खरवसवाली".

म्हणून एक विनंती. पट्टीला कोणाला हात लावू देऊ नको. मला कळतंय, ती पडली की तुझं काम होईल. पण राहिली तर माझं होतंय. थोडेच दिवस. आणि पडली तरी उजवीच पडणार बघ, डबीचं वजन तिलाच आहे. घाबरू नको.

सर तुझी चौकशी करत होते. म्हणजे, देवाची करत होते. पण तुझीसुद्धा.

दर्शनाताई


पाडा
२८ डिसेंबर

ताई,

तू थोडेच दिवस बोल्लीस. इथं काय चाललंय ते ऐक.

माझा प्रश्न अडकलाय म्हणून मागचे सगळे अडकलेत. गोजरमामाचं नवीन घर उभं हाय. दार कुठल्या अंगाला ठेवायचं ते देवाला इचारायचं होतं. गवंडी थांबायला तयार नव्हता, त्याने चारी भिंती बांधून टाकल्या, दार ठेवलंच नाय. आता मामा-मामी शिडीनं भिंतीवर चढतात नि दुसऱ्या शिडीनं आत उतरतात. परवा त्यांची बकरी पण शिडीनं गेली. ती आता उतरायला मागत नाय.

धोंडीबाईला सुनेची चूल वेगळी मांडू द्यायची का ते इचारायचं हाय. सून बोल्ली, देव सांगेपर्यंत मी जुन्या चुलीला हात लावणार नाय. धोंडीबाई बोल्ली, मग मी पण नाय. त्यांचं अख्खं घर आमच्याकडं जेवतं. जेवता जेवता धोंडीबाई माझ्याकडं बघून बोलते, "देव हिच्या वळणावर गेला गो. इचारलं तरी तोंड उघडत नाय."

ते लोकांनी धरलं. आता मला सोडत नायत. काल चारपाच बाया मला घेरून बसल्या. "तू गप बसतेस तेव्हा तुझ्या मनात काय असतं ते सांग, म्हणजे देवाचं कळेल." मी गप बसले. त्या एकमेकींकडं बघून बोलल्या, "अगदी तसंच."

कोणी बाला बोल्लं, प्रश्न मागं घे. बा बोल्ला, "प्रश्न काय एसटीचं तिकीट हाय, परत करायला?"

हात लावायचा नाय, म्हणून लोकांनी बिनहाताचे उपाय काढले. धोंडीबाईने तपकीर आणली. सगळी लायन देवासमोर बसून शिंकली. पट्टी जागेवर, माणसं वाकडी. मग मनोजने किन्हवलीहून हळदीचा डीजे आणला. त्याने येवढा आवाज सोडला का आमच्या कौलावरची मांजर खाली आली. फोनवरची रेघ नुसती वरखाली, वरखाली. मनोज बोल्ला, "देव नाचतोय!" मग सगळेच नाचले. पट्टी पडायची कोणाला आठवणच राहिली नाय.

पण डीजेने एक झालं. उजवी पट्टी डबीच्या वजनानं ताणायला लागली. दुपारच्या उन्हात लोंबत लोंबत खाली आली नि डबी भुईला टेकली. सगळे आरडले, "पडली!"

भगत वाकून बघत बोल्ला, "वरचं टोक तर अजून चिकटलंय."

"पण खालचं टेकलंय ना?" बा.

"झाडाची पारंबी भुईला टेकली म्हणजे झाड पडलं काय रे?"

"पारंबीला कोण प्रश्न इचारतं?"

"हिला तरी कुठं नीट इचारलास? तू 'धाडू का' बोल्लास. 'कधी' बोल्ला नायस. देव बोलत असेल, धाड, पण सोडू नको."

हे बोलता बोलता सांज झाली, गारवा सुटला नि पट्टी हळूहळू आखडून परत वर गेली. गोजरमामा बोल्ला, "घ्या. देवाने मत बदललं."

आता रोजचंच झालंय. दुपारी हो, सांजेला नाय. पाडा दुपारी खूश असतो.

ताई, तुझं काम मोठं हाय, मला कळतं. पण संक्रांत जवळ आली. मला गोजरमामाच्या घरागत झालंय, चारी बाजूनं भिंत नि दार नाय. ही पट्टी काढायची कशी ते सांग. कायतरी असेलच. तूच बनवलीस ना.

रंजिता


मुरबाड
५ जानेवारी २०२६

रंजे,

हे मला तुझ्या तोंडावर सांगता आलं नसतं, म्हणून तुझ्यासारखं लिहून सांगतेय.

मागच्या चिठ्ठीत मी एक लपवलं होतं. सर देवाची चौकशी करत होते ती साधी नव्हती. काल त्यांनी मला बोलवलं आणि म्हणाले, संक्रांतीनंतरची जागा त्या दगडालाच देऊ. मला वाटलं गंमत करतात. सर गंमत करत नायत, त्यांना येत नाय. म्हणाले, "हलत नाही, बोलत नाही, सुट्टी मागत नाही. रेघ बघ किती साफ. ती मुलगी चांगली आहे, पण ती श्वास घेते."

मी म्हटलं, सर, तो देव आहे. म्हणाले, "मग तर उत्तमच. आकड्यात लबाडी करणार नाही."

मी म्हटलं, सर, ठोकाच नाय तर मोजायचं काय? म्हणाले, "तेच. आधी काहीच नसताना पट्टी काय दाखवते ते कळायला नको? जग उलटीकडून सुरुवात करत नाही, म्हणून मागे आहे."

मी आणखी काहीतरी बोलले असते. पण नाय बोलले. दोन वर्षांनी नावाने हाक मिळाली आहे, ती जाईल म्हणून गप बसले. तू गप बसतेस ते वेगळं आणि मी बसले ते वेगळं, हे मला रात्रभर कळत होतं.

येत्या सोमवारी, १२ तारखेला, सर जागा भरणार. व्यक्ती क्रमांक चार, नाव गावदेव, पत्ता टेकडी. त्याआधी तू इथं दारात उभी राहिलीस तर मी भांडेन. देवाशी भांडता येणार नाय, पण सरांशी भांडेन. तू नुसती उभी राहा, तुला बोलायचंसुद्धा नाय.

पट्टी कोमट साबणाच्या पाण्याने निघते. पाच मिनिटं भिजव, फुगते, मग कडेने सोल. हे मी पहिल्यांदाच सांगायला हवं होतं.

दर्शना


पाडा
९ जानेवारी

ताई,

तुझी चिठ्ठी भावेशने वाटेतच हातात दिली, मी तिथंच उभी राहून वाचली. भावेश बोल्ला, "काय गो, वाईट बातमी?" मी बोल्ले, "हो." जीपचा ब्रेक गेल्यागत त्याने माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा उत्तर दिलं.

मला राग येत नाय असं सगळे बोलतात. येतो, पण दारापर्यंत यायला त्याला टाइम लागतो. ह्या वेळी धावत आला. पाणी कोमट करायला पण थांबले नाय. सरळ टेकडी चढले.

लायन बसली होती. दुपारची वेळ, म्हणजे देवाचं हो चालू होतं, डबी भुईला टेकलेली. मी पुढं गेले तर धोंडीबाई बोल्ली, "ए, लायनीतून ये!" मी थांबले नाय. देवाच्या समोर जाऊन उभी राहिले.

मी बोल्ले, "ते काम माझं होतं."

माझा आवाज कसा हाय ते मलाच आठवत नव्हतं. जरा जाडा हाय.

"तुला काम कशाला पाहिजे? तुला नारळ येतात. तुला निवद येतो. तुझ्यासाठी किन्हवलीहून डीजे येतो. माझ्याकडं काय हाय? मला गप बसता येतं, येवढंच येतं. नि ते पण तू घेतलंस."

मागं कोणतरी बोल्लं, "कोणाशी बोलतेय ही?" नि कोणतरी बोल्लं, "देवाशी. पण बोलतेय ते बघ."

मग मी डबी धरली नि ओढली.

ती सुटेना. ताई, तुझी पट्टी खरंच चांगली हाय. हातभर लांब झाली. मी एक पाऊल मागं गेले, ती आली माझ्याबरोबर. अजून मागं गेले. लायनीतली माणसं उठून बाजूला झाली, मला वाट दिली, कोणी खाली वाकून पट्टीखालून पलीकडं गेलं. गोजरमामाच्या बायकोने पदर सावरला, तिला वाटलं पदराला लागेल. मी पार पायऱ्यांपर्यंत मागं गेले. पट्टी वाळत घालायच्या दोरीगत मधोमध, एका टोकाला देव नि एका टोकाला मी. मला वाटलं दोघांतलं कोणतरी आता येणार. मी डोळे मिटले.

टप् झालं. देवाकडचं टोक सुटलं नि येऊन माझ्या गालावर बसलं.

कोणी हललं नाय. बकरी पण नाय, ती आज उतरून आली होती. भगत माझ्याकडं बघत होता, मी भगताकडं. कौलाला हात लावला म्हणजे काय ते लहान पोराला पण म्हायती हाय. मी बोल्ले, "पडली."

भगताने देवाकडं बघितलं. मग लायनीकडं बघितलं. धोंडीबाईकडं, गोजरमामाच्या हातातल्या शिडीकडं, अँब्युलन्सवाल्याकडं. तो दर रविवारी येतो नि ह्या वेळी शुक्रवारीच आला होता. भगताने घसा साफ केला नि आरडला,

"पडली रे पडली! उजवी पडली! पुढचा कोण?"

बा बोल्ला, "अरे पण हिने ओढून..."

"तू बघितलंस?" धोंडीबाई बोल्ली.

"समोरच तर..."

"मी नाय बघितलं."

"मी पण नाय," गोजरमामा.

"माझी नजर गाडीकडं होती," ड्रायव्हर.

सगळ्या लायनीने नाय सांगितलं. महिनाभर देवाकडंच डोळे लावून बसलेली माणसं, नेमकं तेव्हा कोणीच देवाकडं बघत नव्हतं. मनोजने तर फोनवरची रेघ दाखवली. बोल्ला, "हे बघा, सरळ वर गेली नि मग कायच नाय. म्हणजे पडली. मशीन खोटं बोलत नाय."

डावी पट्टी तिथंच हाय. भगत बोल्ला, असूदे, आता ती पुढच्याची डावी. उजवीला मात्र पाकळीच लावायची. म्हणजे आता सगळ्यांना आधी हो मिळणार. धोंडीबाईच्या सुनेची चूल वेगळी झाली पण. गोजरमामाने इचारलं, "दार पूर्वेला ठेवू का?" तर हो, मग "पश्चिमेला ठेवू का?" तर परत हो. आता दोन दारं पाडतोय. तुझ्या सरांना सांग, दगडाला कामावर ठेवू नका, तो आता कशालाच नाय बोलत नाय.

मी सोमवारी सकाळच्या जीपला येते. भावेशने पुढची जागा धरून ठेवलीय. आयने नाचणीचं पीठ बांधलंय नि आत्यासाठी वाल दिलेत. गालावरची पट्टी आयने कोमट पाण्याने काढली, निशाणी राहिलीय, ती जाईल.

सांजेला मी गोठ्यात होते तर बा आला. गाईच्या पलीकडं उभा राहिला. बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. मग बोल्ला,

"तुला जायचं होतं तर सांगायचं ना गो."

मी बोल्ले, "मला जायचं हाय."

बा बोल्ला, "कधी सांगितलंस?"

मी बोल्ले, "आत्ता."

रंजिता